मानाच्या कोपऱ्यातली कालवं

"कालवं बोलत नाहीत, काम करतात! साहेब लोकांचं नेमकं उलटं!" गिलदू छाती ठोकून म्हणाला.

आज नगरपालिकेचे ओक साहेब येणार होते. खाडी बुजवून तिथं गाड्या लावायला मैदान करायचं होतं. खाडीच गेली तर ती बघायला गाड्या घेऊन गावात येणार कोण, हे विचारायची अक्कल एकाही खुर्चीला नव्हती! आणि त्याच खाडीत गिलदूची कालवं, खडबडीत शिंपल्यांतली, दोरांना लटकून वाढत होती. खाडी गेली की गिलदूची भाकरीच गेली!

त्याचा बेत पक्का होता. काचेच्या टाकीत खाडीचं गढूळ पाणी, त्यात पन्नास कालवं. साहेबांच्या डोळ्यांदेखत पाणी आरशासारखं!

"अगं, टाकी कुठं ठेवू?"

"पाहुण्याला कुठं बसवतो आपण?" बायको सुन्नाम म्हणाली.

पावसाची झड लागलेली, म्हणून तिनं जमिनीखालच्या चुलीत जाळ घालून घराची जमीन सकाळपासून तापवली होती. जमिनीचा सगळ्यात गरम कोपरा मानाचा, पाहुण्याचा. आज कालवांहून मोठा पाहुणा कोण? गिलदूनं टाकी तिथंच मांडली आणि साहेब आले तेव्हा त्यांना दाराशी गारठ्यात बसवलं.

पाणी खरंच निवळू लागलं.

"बघा साहेब! एकेक कालव दिवसाला पिंपभर पाणी गाळतं. पगार नाही, रजा नाही!"

तेवढ्यात एका कालवातून पांढरा धूर निघाला. मग दुसऱ्यातून. बघता बघता टाकीत तांदळाचं धुवण!

"हे गाळणं?" साहेबांनी भुवया चढवल्या.

"अहो, ऊब लागली त्यांना!" सुन्नाम ओरडली. "उन्हाळा आला समजून पोरं काढायला बसलीत मेली! एकानं सुरू केलं की सगळ्यांना चेव!"

"इथं? माझ्यासमोर?"

"त्यांना काय ठाऊक, तुम्ही साहेब आहात!"

साहेबांनी वही काढली. "म्हणजे विणीचा हंगाम सुरू झालाय? या काळात भराव टाकायला बंदी असते."

"सुरू? धूमधडाक्यात!" गिलदू टुणकन उडाला.

साहेबांनी जागच्या जागी हुकूम लिहून शिक्का मारला. भराव बंद! गिलदूनं कागद कपाळाला लावला, मग वाचला. शेवटची ओळ होती: हंगाम संपेपर्यंत खाडीत कुणीही उतरू नये, होडीही घालू नये.

"साहेब, माझी कालवं आत आहेत हो!"

"असू द्या," बूट चढवत साहेब म्हणाले. "त्यांना जरा एकांत द्या."