चोविसावा हीर

"माजो नवो खराटो टकलो केलंस गो!" यशोदा ओरडल्या.

रसिकाने सासूबाईंकडे न बघता खराट्यातून उपसलेले माडाच्या पातीचे हीर मोजले. चोवीस. पाण्यात उकळलेले, टोकं तासलेले. केक पॉपच्या काड्या कट्टा गावच्या बाजारात मिळाल्या नव्हत्या, आणि तिच्या लेकीने, प्राजक्ताने, चौथीच्या अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, "माझ्या वाढदिवसाक काडयेवरचो केक!" प्राजक्ता धरून मुलं तेवीस. जास्तीचा एक रसिकाने स्वतःसाठी धरला होता.

"संध्याकाळी परत बांधून देतंय, आई."

बिस्किटांचा चुरा, आटवलेलं दूध, कोको. गोळे सुबक वळले, चॉकलेटमध्ये बुडाले आणि वीज गेली. चार वाजले होते. पार्टी सहाला. स्वयंपाकघरात तेहतीस अंश. चॉकलेट हिरांवरून संथपणे खाली निघालं.

शेजारच्या पेद्रूचा धंदा माशांचा. त्याने कुंपणावरून थर्माकोलची पेटी बर्फासकट पुढे केली.

"कोरी आसा मां? मासे नाय ना ठेवलंस हेच्यात?" रसिकाने विचारलं.

"आजच काढलंय. वास घेवन बघ!"

"आज माजो सोमवार," यशोदांनी नाक दाबलं. "त्या पेटयेतला माका काय्येक नको."

रसिकाने केक पॉप बर्फावर रचून पेटी पडवीत ठेवली. स्कूटर काढेपर्यंत पेद्रूने आपली माशांची पेटीही तिच्याशेजारीच टेकवली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एका मापाच्या.

पाच वाजता रसिकाने उत्साहाने झाकण उघडलं. बर्फावरून एक सुरमई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"आई," प्राजक्ताचा आवाज कापरा झाला, "केक खंय गेलो?"

तेवढ्यात फोन वाजला. पेद्रू कट्ट्याहून बोलत होता.

"गो रसिका, हॉटेलवालो इचारता, सुरमयेक काडी कोणी घातल्यान?"

"पेद्रू, हात लावू नको! आधी मागे फीर!"

"आणि हॉटेलवाल्याक काय सांगू?"

"सांग, सुरमई चौथीतल्या पोरांकडे आसा!"

सहाला पाच मिनिटं असताना मुलांची रांग आणि पेद्रूची स्कूटर एकदमच फाटकात शिरली. रसिकाने श्वास रोखून झाकण काढलं. चोवीसच्या चोवीस! कडक, चकचकीत, एकालाही तडा नाही. प्राजक्ताने अशी आरोळी ठोकली की पेद्रू सुरमई उचलायची विसरून टाळ्या वाजवू लागला. मग हॉटेलवाल्याचा फोन आला आणि तो पेटी घेऊन सुटला.

सात वाजता मुलं पांगली. रसिका आपला केक पॉप खायला वळली. ताट रिकामं. प्रत्येकाने एकच घेतला होता, प्राजक्ता शपथेवर सांगत होती. रसिकाने हीर गोळा करून मोजले. तेवीस.

मागच्या दारी यशोदा खराट्याची दोरी सोडून बसल्या होत्या. चोविसावा हीर आधीच आत खोवलेला होता. त्याच्या टोकाला थोडं चॉकलेट होतं.

"आई! आज सोमवार मां?"

यशोदांनी पदराने ओठ टिपले आणि तेवीस हिरांसाठी हात पुढे केला.

"सोमवार माशाचो, गो. खराटो कोणाचो?"