सत्तेचाळीस जी सहा

दाऊदभाई माणसाला गावाने ओळखत नाहीत, नकाशाच्या क्रमांकाने ओळखतात. बहारीनच्या गुदैबियात ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा मी ‘पुण्याचा’ म्हणताच त्यांनी हात पुढे केला. “सत्तेचाळीस एफ चौदा! मी सत्तेचाळीस जी सहा. फार लांब नाही की आपण!”

पेशाने ते ड्राफ्ट्समन. लोक रजेवरून लोणची आणतात, हे जुने नकाशे आणतात. सोफ्यावर, पलंगाखाली, सगळीकडे गुंडाळ्या. त्यांच्या पत्नी सकीनाभाभी म्हणतात, “पाहुणा आला की आधी एक तालुका उचलायचा, मग बसा म्हणायचं.”

मोबाइलचा नकाशा ते मानत नाहीत. “त्याला रस्ता कळतो, जमीन मफी, मुळीच नाही!” एकदा बहारीनचा जुना नकाशा मांडीवर घेऊन ते मला मॉलला न्यायला निघाले. पार्किंगमध्ये पोचल्यावर गंभीरपणे म्हणाले, “आता आपण समुद्रात आहोत.” भराव घालून केलेली जमीन त्यांच्या लेखी अजून पाणीच.

मी पोट धरून हसलो होतो. त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते खोटं बोलल्याचं. कोकणातल्या खेडजवळचं त्यांचं गाव धरणात गेलं. धरणाआधीचा नकाशा पुण्याच्या सरकारी कचेरीत मिळेल, म्हणून मी रजेवर निघालो की ते दर वेळी माझ्याकडे अर्ज देत. मी परत येऊन सांगे, “कचेरी बंद होती.” त्या वेळी मी सासुरवाडीला आमरस ओरपत असे.

यंदा मात्र गेलो. कारकुनाने त्या क्रमांकाचे दोन नकाशे काढले, एक विटलेला, एक कोराकरकरीत. मी चोखंदळपणे कोरा घेतला.

दाऊदभाईंनी तो फरशीवर पसरला. मधोमध निळंशार पाणी. गावाचं नावसुद्धा नाही. मी नवी आवृत्ती उचलून आणली होती. मग मला राहवेना. मागचंही सगळं कबूल केलं.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “तीन उन्हाळे कचेरी बंद? एवढी सुट्टी आपल्याला ईदलाही मिळत नाही, जोशीसाहेब.”

“मग अर्ज मलाच का देत होता?”

“बाकीचे हसून परत करायचे. तुम्ही निदान खिशात ठेवायचात.”

त्यांनी पेन्सिल घेतली. निळ्या रंगावर मशीद आली, विहीर आली, दोन्हींमधली पायवाट आली. रेघ कुठे डगमगली नाही. मग मशिदीमागे, कबरस्तानात, एक लहानसा चौकोन काढून हात थांबला.

“इथे आई आहे. धरणात पाणी भरायच्या आधी एकदा जाऊन यायचं होतं,” ते म्हणाले. “रजा मिळाली नाही.”