सुमतीकाकूंचा इन्स्पेक्टर

टीव्हीवरच्या माणसांशी बोलणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण इंग्रजी मालिकेतल्या इन्स्पेक्टरला हिंदीत झापणाऱ्या फक्त आमच्या सुमतीकाकू. "पहले कुछ खा लो जी, खूनी कहीं भागा नहीं जा रहा," असं त्या त्याला बजावत. घराबाहेरच्या माणसाशी हिंदीत बोलायचं, ही चंडीगडची अंगवळणी पडलेली रीत त्या टीव्हीलाही लावत.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. काका एअर फोर्समधून निवृत्त होऊन इथंच राहिले आणि काही वर्षांनी गेले. मुलगा मुकुंद अमेरिकेत. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, मोहालीला औषधांवर संशोधन करणारा, आणि मराठी म्हणून काकूंचा हक्काचा दुभाषी.

मालिकेच्या डीव्हीडी मुकुंदनंच पाठवल्या होत्या. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली मालिका. सुरुवातीलाच प्रेत आणि मग तासभर अंधार. काकू ती रविवारी भर दुपारी, पडदे सारून, मांडीवर मटारची परात घेऊन बघत. प्रेताकडे त्यांचं लक्षच नसे. इन्स्पेक्टर नुसती कॉफी ढोसतो, त्याच्या फ्रिजमध्ये काही नसतं, थंडीत गळा उघडा टाकून हिंडतो, हाच त्यांचा खरा तपास. खुनी मात्र त्या अचूक ओळखत. आलेल्या माणसाला ज्यानं पाणी विचारलं नाही, "पक्का तोच." आणि तोच निघे. मी मन लावून पुरावे जुळवत बसलेला असल्यामुळे मला याचा भयंकर राग येई.

चौथी डीव्हीडी चालू असताना काकू इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "अरे, चार घास खाऊन घे रे." मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आपण मराठीत बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. इन्स्पेक्टर घरातला झाला होता.

मालिका जानेवारीत संपली. काकूंनी डोळे पुसले आणि डीव्हीडी नीट कपाटात ठेवल्या. पुढच्या रविवारी सकाळी मी दूध द्यायला खाली गेलो, तर फोन वाजत होता. काकूंचे हात कणकेत, म्हणून मी उचलला. मुकुंद होता.

"आईचं कुठवर आलं? संपली का मालिका?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात काकूंनी कणकेचे दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"नाही, अजून तिसरीच डीव्हीडी चालू आहे," मी म्हणालो.

काकू हात पुसत आल्या. रिसीव्हर घेऊन त्यांनी तळव्यानं झाकला.

"पूर्वी थंडी आहे का, गोळ्या घेतेस का, एवढं विचारून ठेवून द्यायचा," त्या हळूच म्हणाल्या. "आता तासभर बोलतो. संपली म्हटलं, तर काय बोलेल रे तो माझ्याशी?"

काकूंनी रिसीव्हर कानाला लावला. "हं, बोल. पण खुनी कोण ते सांगू नकोस."

मुकुंद सुरू झाला. काकू स्टुलावर बसून ऐकू लागल्या. शेवट माहीत असलेली गोष्ट त्या "अगंबाई", "मग रे?" करत ऐकत होत्या. मी कणकेवर ताट झाकलं. मध्येच त्यांनी विचारलं, "जेवलास का रे?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"थांब म्हणतोय, आधी हे ऐक म्हणतोय," काकू मला म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता. "जेवेल नंतर."

सुमतीकाकूंनी कुणाला उपाशी राहू दिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.