खुर्ची गार आहे

ऑफिसात त्याला सगळे ‘जैसे थे’ म्हणत. पाणीपट्टीच्या कचेरीतला हा हेडक्लार्क इतकी वर्षं एकाच टेबलावर, एकाच कोनात बसलेला होता. शिपायाने एकदा सफाईसाठी त्याचं टेबल वीतभर सरकवलं, तर या हेडक्लार्कसाहेबांना दिवसभर नीट जांभईसुद्धा देता आली नाही.

आणि अशा माणसाने घर बदलायचं ठरवलं. (ठरवलं बायकोनेच. त्याने फक्त ‘बघू’ म्हटलं होतं, आणि नवऱ्याचं ‘बघू’ म्हणजे होकार, असं तिने परस्पर जाहीर करून टाकलं.) याआधी दोन घरं त्याने अशीच ऐनवेळी कच खाऊन घालवली होती. एकदा नळाचा आवाज आवडला नाही, दुसऱ्यांदा जिना डावीकडे वळत होता. बायकोने दोन्ही वेळा भांडी पुन्हा फळीवर लावली होती. लग्न झाल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करत आली होती. या नव्या घरात ओट्यासमोर खिडकी होती. खिडकीबाहेर एक झाड, झाडामागे सायकल दुरुस्तीचं दुकान. तिला एवढंच हवं होतं. हेही घर गेलं असतं, तर तिने पुन्हा कधी विचारलं नसतं, हे त्यालाही कळत होतं.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांना सुया टोचते, पण बाईच्या हाताला असा काही गुण आहे की पहिलवान गडीही तिच्यापुढे निमूट दंड पुढे करतात. तिची युक्ती साधी होती. माणूस सुई पाहून घाबरला की ती विचारायची, “सुई टोचली का?”

“नाही.”

“बरोबर. ती अजून माझ्याच हातात आहे. आत्ता काय होतंय ते सांगा.”

“आत्ता... खुर्ची गार लागतेय.”

“मग झालं तर. खुर्ची गार आहे. तेवढंच आहे.”

सामान हलवायच्या दिवशी सकाळीच ‘जैसे थे’ दारात थिजून उभे राहिले. जुन्या घरात त्याच दिवशी नवीन भाडेकरू यायच्या होत्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा टेम्पो आधीच येऊन खोके व्हरांड्यात उतरवून गेला होता, आणि त्या स्वतः खाली घरमालकाला शिस्त लावत होत्या.

“अहो,” बायको जिन्यावरून म्हणाली, “नवीन घराचा विचार करू नका. हातात काय येतं तेवढंच बघा.”

“खोका आहे.”

“कसा आहे?”

“जड. एका कोपऱ्यात दबलेला.”

“मग तोच उचला.”

आणि त्याने उचलला. मग दुसरा, मग तिसरा. हमाल थक्क झाले. हा माणूस प्रत्येक खोका छातीशी धरून थोडा वेळ डोळे मिटायचा. “हा खडखडतोय,” म्हणायचा. “याला कापराचा वास आहे.” त्याला प्रत्येक खोक्याचं वजन कळलं, वास कळला, दोरीची गाठसुद्धा कळली. फक्त खोका कुणाचा, हे पाहायचं तेवढं राहून गेलं. (तो विचार पुढचा ना. हा माणूस आत्ताच्या क्षणात होता.)

नव्या घरी बायकोने ओट्यावरचा पहिला खोका उघडला. त्यातून निघाली शाळेची पितळी घंटा. दुसऱ्यात पृथ्वीचा गोल आणि खडूंची पाकिटं. तिसऱ्यात पोहण्याच्या शर्यतीतली पदकं.

“हे आपलं नाही,” बायको म्हणाली.

त्याने घंटा हातात घेतली. “गार आहे,” तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने घंटा हळूच खाली ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. फोनवर हेडबाई होत्या.

“माझं सामान गायब आहे,” त्या म्हणाल्या. “आणि स्वयंपाकघरात तुमचे खोके जसेच्या तसे पडलेत. हा काय प्रकार आहे?”

त्याने सगळा प्रकार सांगितला. सांगता सांगता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईंचं सामान इकडे आलेलं. आपलं भांडंकुंडं तिकडेच राहिलेलं. म्हणजे आता माणसांची तेवढी अदलाबदल करायची बाकी होती. त्याने चाचरत विचारलं.

“तळमजला आहे का?” हेडबाईंनी विचारलं. तो ‘आहे’ म्हणाला. “माझे गुडघे दुखतात. मला चालेल. घरमालक इथेच उभे आहेत, त्यांचीही हरकत नाही. तुम्ही हो म्हणा.”

बघा, किती सोपं. एका शब्दाचं काम. आपलं टेबल, आपली खुंटी, आपला जिना, सगळं परत. त्याला एकदम हलकं वाटलं. फोनवर हात ठेवून त्याने बायकोकडे पाहिलं.

ती खिडकीशी उभी होती. कडीवर ठेवलेला तिचा हात थरथरत होता. सुई धरताना कधी न हललेला तो हात. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला वाटत आलं होतं, की हिला भीती म्हणून वाटतच नाही. हिलाही वाटते तर. रोज दुसऱ्यांची भीती उतरवून ही बाई घरी येते, आणि आपली कुणाला दाखवत नाही. त्याला तिचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाज.

“खुर्ची गार आहे का?” त्याने विचारलं.

“खुर्ची कुठेय?” तिचा आवाज ओला होता. “सगळ्या टेम्पोत आहेत अजून.”

मग तो तिथेच जमिनीवर बसला. तीही बसली. फरशी गार होती. बाहेर सायकलवाला चाक फिरवून बघत होता. बाकी त्या क्षणी खरंच काही नव्हतं, आणि भीती अजून सुईसारखी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. त्याने फोन कानाला लावला.

“बाई, माफ करा. आम्ही इथेच राहतोय. तुमची घंटा आत्ता घेऊन येतो.”

बायको नुसतं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. ‘जैसे थे’च्या आयुष्यातला तो सर्वात मोठा बदल, आणि तो त्याने बसल्या जागी केला.

त्यानंतर मात्र हे साहेब ऑफिसात कुणाला ऐकत नाहीत. भीती कशी घालवावी यावर ते जेवणाच्या सुट्टीत शिपायाला धडे देतात. “संध्याकाळी घरी चालत जातो,” ते सांगतात, “तेव्हा डोक्यात एकही विचार नसतो. फक्त पाऊल. टाच, मग चवडा. कठड्याचा स्पर्श.”

खरंच ते असेच चालतात. काल संध्याकाळीही चालले. टाच, चवडा, जिना, कठडा. कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरेना. ‘किल्ली गार आहे,’ त्यांनी शांतपणे नोंद घेतली.

दार आतून उघडलं. हेडबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मिसेसचा फोन येऊन गेला. आजही इकडेच आलेत का, विचारत होत्या.”