बाईंची दहावी मुलाखत

मुलाखत म्हणजे काय चीज असते, हे साहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं कारखान्याच्या भरती विभागात बसून त्यांनी माणसं पारखली होती. उमेदवार दारातून खुर्चीपर्यंत पोचायच्या आत त्याचा निकाल आपल्या मनात लागलेला असतो, असं ते अभिमानाने सांगत. त्यामुळे बायकोला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि विद्यार्थी व्हिसासाठी तिची मुलाखत होणार असं कळलं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "त्याची काळजी तू करू नकोस. मुलाखत माझ्याकडे लागली."

"तुमच्याकडे कशी लागली? प्रश्न मला विचारणार आहेत."

हे बोलणाऱ्या बाई म्हणजे साहेबांची बायको. नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं त्या गावभरच्या नळांचं आणि विहिरींचं पाणी तपासत होत्या. तिथे सगळे त्यांना बाई म्हणत, कारखान्यात सगळे यांना साहेब म्हणत, आणि ही दोन्ही नावं हळूहळू घरीही येऊन राहिली होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी कुणाला न सांगता अर्ज केला. पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. विद्यापीठाने शिष्यवृत्तीसकट होकार कळवला, प्रयोगशाळेने अभ्यासरजा दिली, आणि मग एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना बाईंनी ते साहेबांच्या कानावर घातलं.

साहेबांना निवृत्त होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. रोज सकाळी दोघांनी टेकडीपर्यंत फिरायला जायचं, वाटेत बाकावर बसायचं, असा त्यांचा पुढच्या आयुष्याचा बेत होता. तो त्यांनी बाईंना अजून सांगितला नव्हता. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटे. बाईंची बातमी ऐकून ते "वा, वा" म्हणाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगून आले, आणि परत आल्यावर बराच वेळ नुसतेच खिडकीशी उभे राहिले.

दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर मुद्द्याची गोष्ट सांगितली. "बाबा, तिथे मुख्य एकच बघतात. शिकून झालं की माणूस घरी परत येणार की नाही. ते पटलं तर व्हिसा, नाही पटलं तर नाही."

"पटवू की," साहेब म्हणाले.

त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी हलली आणि तिथे साहेबांचं कार्यालय सुरू झालं. कारखान्यातून निघताना, एरवी रद्दीत जाईल म्हणून, मुलाखतीच्या छापील पत्रकांचा एक अख्खा गठ्ठा त्यांनी घरी आणला होता. व्यक्तिमत्त्व, विषयाचं ज्ञान, आत्मविश्वास, आणि खाली शेऱ्यासाठी चार ओळी. टेबलापलीकडे माणूस बसला की पत्रक भरल्याशिवाय साहेबांना त्याच्याशी बोलताच येत नसे.

"स्वतःबद्दल सांगा," साहेबांनी सुरुवात केली.

"तुम्हाला माहीत नाही का?"

"मी आत्ता तुझा नवरा नाही. अधिकारी आहे."

"मग अधिकारीसाहेब, गॅसवर दूध आहे, पाच मिनिटांत येते."

साहेबांनी कारखान्यातल्या सवयीने पत्रकावर इंग्रजीत लिहिलं, 'उमेदवार मुलाखत अर्धवट टाकून गेला.' नापास.

दुसऱ्या मुलाखतीत बाईंना हसू आवरेना. नापास. तिसऱ्या वेळी साहेबांनी कळीचा प्रश्न काढला. "परत येणार याचा पुरावा काय?"

"मी कुठे काय सोडून कधी पळाले आहे का?"

"हा पुरावा होत नाही."

"सव्वीस वर्षं तुमच्याबरोबर राहिले, हाही होत नाही?"

तिसऱ्यांदा नापास. शेरा: 'उत्तराला उत्तर देते.'

बाई मुळात अभ्यासू. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत त्या व्यवस्थित तयार झाल्या. सहाव्या मुलाखतीत त्यांनी इतकी नेमकी उत्तरं दिली की साहेबांचं पेन जागच्या जागी थबकलं. एकतीस वर्षांत इतका चांगला उमेदवार त्यांच्यासमोर बसला नव्हता. त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'आत्मविश्वास जरुरीपेक्षा जास्त.' नापास.

"बाबा, आई मला म्हणाली, सगळी उत्तरं बरोबर देऊनही तुम्ही तिला नापास करताय," मुलगी फोनवर म्हणाली. "का?"

"तयारी पक्की व्हायला नको का?" साहेबांनी तिलाच उलट विचारलं आणि रेंज जात असल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज ठणठणीत होती.

नवव्या मुलाखतीनंतर बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. साहेब टेबलाशी एकटेच बसले. समोर नववं पत्रक. सगळ्या रकान्यांत त्यांनी पूर्ण गुण दिले होते, कारण कमी द्यायला आता जागाच उरली नव्हती. राहिला शेरा. त्यांच्या हाताने त्याच कार्यालयीन इंग्रजीत, वळणदार अक्षरात लिहिलं, 'उमेदवार सर्व बाबतींत योग्य. तथापि तिची घरी गरज असल्याने सोडता येत नाही.' खाली सही, तारीख.

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि त्यांचे कान गरम झाले. कागद लगेच फाडायला हवा होता. पण साहेबांनी उभ्या आयुष्यात सही केलेला कागद फाडला नव्हता. सही झालेल्या कागदाला दोन भोकं पाडून तो फाइलला लावायचा, हे त्यांच्या हातांना इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या कामात डोकं लागत नसे. बाई गच्चीवरून खाली येईपर्यंत हातांनी आपलं काम, अनुक्रमणिकेतल्या नोंदीसकट, उरकलं होतं आणि डोकं चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी दोघं सकाळी साडेआठला अमेरिकेच्या वकिलातीच्या मोठ्या कचेरीपाशी पोचली. फाटकाबाहेर रांग होती. आत फक्त उमेदवार, फोनसुद्धा नाही. साहेबांनी फाइल बाईंच्या हातात दिली. जाडजूड, निळी, अनुक्रमणिकेसकट. "नीट उभी राहा. विचारतील तेवढंच बोल. फाइल मागितली की पूर्ण दे, म्हणजे शोधाशोध दिसत नाही."

"आणि नापास झाले तर?"

"तुझी तयारी मी केली आहे," साहेब म्हणाले.

बाई आत गेल्या. साहेब समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसले आणि वेळ जावा म्हणून खिशातली अनुक्रमणिकेची आपली प्रत काढून वाचू लागले. विद्यापीठाचं पत्र. शिष्यवृत्तीचं पत्र. अभ्यासरजेचा आदेश. लग्नाचा दाखला. सगळं कसं ओळीने, त्यांच्याच अक्षरात. शेवटची नोंद होती: 'तेवीस. मुलाखतीची पत्रके, नऊ नग.'

साहेबांनी ती ओळ तीनदा वाचली. मग ते उठले आणि रस्ता न बघताच ओलांडून फाटकावरच्या रखवालदारापाशी गेले.

"मला आत जायचं आहे. माझ्या बायकोच्या फाइलमध्ये चुकीचा कागद गेलाय."

"कसला कागद?"

"ती मुलाखतीत नापास झाल्याचा."

"मुलाखत तर आत्ता चालू आहे. नापास कोणी केलं?"

"मी."

रखवालदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही इथे नोकरीला आहात?"

"नाही. मी नवरा आहे. नऊ वेळा केलंय."

"काका," रखवालदार मऊ आवाजात म्हणाला, "मग आता आत जाऊन दहाव्यांदा करणार का? बसा तिकडे सावलीत."

साहेब परत बाकावर येऊन बसले. हातातल्या अनुक्रमणिकेची त्यांनी नकळत सुरळी केली होती. आत काय होत असेल ते त्यांना लख्ख दिसत होतं. काचेपलीकडचा माणूस पत्रकं उलटणार, शेरे वाचणार. अर्धवट टाकून गेला. उत्तराला उत्तर देते. सोडता येत नाही. ज्या बाईला तिचा नवराच सोडत नाही, तिला हे कशाला घेतील? संपलं.

आणि संपलं असं मनात आल्याबरोबर साहेबांना क्षणभर बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. सकाळ, टेकडी, बाक, शेजारी बाई. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी चेहरा झाकायला रुमाल काढला आणि घाम पुसत असल्याचं दाखवलं. एकतीस वर्षं त्यांच्या खोलीबाहेरही असाच एक बाक होता. त्यावर उमेदवारांच्या आया, बायका, भाऊ तासन्‌तास ताटकळत असत, आणि साहेब जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोरून सरळ मान करून निघून जात. त्या बाकावर बसून माणसाचं काय होतं, हे आज ते पहिल्यांदा शिकत होते.

पाऊण तासाने बाई बाहेर आल्या. फाइल हातात होती, पासपोर्ट नव्हता. साहेबांना वाटलं, जप्तच केला.

"माझं चुकलं," ते उठून म्हणाले. "तो कागद माझ्या हाताने गेला."

"बसा आधी," बाई म्हणाल्या आणि स्वतःही बसल्या. "काचेपलीकडे आपल्या मुलीच्या वयाची अधिकारी होती. विद्यापीठाचं पत्र मागितलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी अख्खी फाइल सरकवली. ती उघडली ती नेमकी शेवटाकडून. नऊच्या नऊ पत्रकं वाचली तिने. मागची रांग खोळंबली."

"आणि?"

"विचारलं, तुम्ही नऊ वेळा नापास झालात? म्हटलं, हो. परीक्षक कोण? म्हटलं, नवरा. तुम्हाला आलं नाही असं त्यांनी काय विचारलं? मी म्हटलं, विचारलं ते सगळं आलं. त्यांना जे विचारायचं होतं, ते त्यांनी विचारलंच नाही."

साहेब सुरळी झालेली अनुक्रमणिका गुडघ्यावर सरळ करू लागले.

"मग तिने तो शेवटचा शेरा माझ्यासमोर धरला. घरी एवढी गरज आहे, मग जाता कशाला?" बाईंनी फाइल मांडीवर घेतली. "पाठ केलेलं एक अक्षर आठवेना. जे होतं ते सांगून टाकलं. म्हटलं, बावीस वर्षं बाटल्यांवर 'पिण्यास अयोग्य' असं लिहून मी खाली सही करते आहे. ते पाणी योग्य कसं करायचं, हे मला कोणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला आलं नसतं. एकदा तरी ते शिकायचं आहे, आणि शिकून त्याच विहिरींवर यायचं आहे. तिकडच्या विहिरी घेऊन मी काय करू?"

"मग?"

"मग काही नाही. पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा लावून घरी पाठवतात म्हणे. दुसरा एकही प्रश्न नाही."

म्हणजे मिळाला. साहेबांनी मान हलवली. आनंद झाला होता, आणि आणखीही काहीतरी झालं होतं. समोरून एक बस थांबून गेली. ती त्यांचीच होती, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"विचारा आता," बाई म्हणाल्या.

"काय?"

"जे नऊ वेळा विचारायचं राहिलं ते. आता पत्रक नाही, काही नाही."

साहेबांनी घसा खाकरला. शर्टाची कॉलर सारखी केली. एकतीस वर्षांत हजारो माणसांना हजारो प्रश्न विचारलेल्या त्या माणसाने दोनदा तोंड उघडून मिटलं, आणि शेवटी रस्त्याकडे बघत विचारलं, "कुकरमध्ये बटाट्यांना शिट्ट्या किती करायच्या?"

बाईंनी मांडीवरची फाइल बाजूला ठेवली.

"येणार आहे मी परत," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी. आणि बटाट्यांना तीन."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि दोन्ही उत्तरं तळहातावर लिहून घेतली.