पश्चिम गल्लीतले एकमेव जिवंत घर

शहर जुने व्हायला नुसता काळ पुरतो. प्राचीन व्हायला मात्र कार्यालय लागते. चीनच्या शान्शी प्रांतातले फंगलिंग हे तटबंदीचे गाव दोन हजारांहून अधिक वर्षे नुसतेच जुने होत पडले होते. लोक तिथे जन्मत, नूडल्स कापत, भांडत, रांजणात व्हिनेगर मुरवत आणि मरत, पण त्यात कसलीही योजना नव्हती. मग 'प्राचीन नगर जिवंतपणा कार्यालय' उघडले आणि गावाला वळण लागले.

कार्यालयाचा सिद्धांत साधा आणि तितकाच थोर होता. रिकामे प्राचीन शहर म्हणजे अवशेष, आणि माणसांनी भरलेले प्राचीन शहर म्हणजे नुसतीच गर्दी. या दोहोंच्या मधोमध जिवंत प्राचीन शहर असते. ते साधण्यासाठी बहुतेक कुटुंबांना तटाबाहेरच्या नव्या इमारतींत हलवण्यात आले (लिफ्ट आहे, आणि चालू असते तेव्हा ती वरही जाते) आणि दर गल्लीत एकेक घर जिवंत ठेवण्यात आले. जिवंत घराने कसे जगावे याचे नियम होते. प्लास्टिकची बादली दिसता कामा नये. गोधड्या वाळत घालायच्या त्या निळ्या किंवा मातकट. अंगणात पत्ते खेळताना हसावे. भांडायचे असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी. खोकला आलाच तर पाहुण्यांचा घोळका पुढे सरकेपर्यंत धरून ठेवावा. नियम मोडला की गुण कापले जात, आणि गुण साठाखाली गेले की घर 'अजिवंत' ठरून रहिवाशाला नवव्या मजल्याचा लाभ मिळे. या शिस्तीला फळही आले. पाहणीत शंभरातल्या चौऱ्याण्णव पाहुण्यांना शहर जिवंत वाटले. (उरलेले सहा जण रहिवाशांशी बोलले होते.)

पश्चिम गल्लीतले जिवंत घर दुआन छ्याओयुन आजींचे होते. वय एकाहत्तर, केस पार्लरात जाऊन कुरळे करून घेतलेले (वजा चार). त्यांचा नवरा छू बाओशान डिझेल इंजिनच्या कारखान्यात फिटर होता. गेल्या शरदात तो याच घरात, खालून कोळशाने तापणाऱ्या विटांच्या ओट्यावर, झोपल्या झोपल्या गेला. मरण्याला कार्यालयाची काहीच हरकत नव्हती. हरकत निघाली ती नव्या वर्षाच्या तोंडावर.

नव्या वर्षाला दारोदार लाल कागदावरची शुभवचने चिकटवतात. ज्या घरातले माणूस गेले, त्या घरी पहिल्या वर्षी लाल लावत नाहीत. लाल रंगाला भुतेखेते बिचकतात, आणि आपला गेलेला माणूस कितीही आपला असला तरी आता त्याच गोतावळ्यातला झालेला असतो. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तो घरी जेवायला येणार. त्याला दारातूनच हाकलायचे कसे? म्हणून आजींनी रीतीप्रमाणे आधीच पांढरा कागद लावला. तपासनिसाने वीस गुण कापले आणि शेरा मारला, 'उत्साहाचा अभाव.' उरले एकसष्ट.

मग उपसंचालक मियाओ स्वतः आले. हे याच गल्लीत शेंबूड पुसत मोठे झालेले.

"मावशी, लाल लावून टाका ना. कंदिलांचा सण होईपर्यंतचा, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मग काढा."

"तुझा बाप गेला तेव्हा तुझ्या आईनं काय लावलं होतं रे?"

"पांढरंच," मियाओ म्हणाले. "पण तेव्हा पाहुणे येत नव्हते."

"माझ्याकडे येणार आहे की पाहुणा. म्हातारा येणार आहे."

"मावशी, रीत जुनी आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण ती प्राचीन दिसत नाही. लोक लांबून तिकीट काढून येतात, त्यांनी सणासुदीला सुतक बघायचं?"

"मग बघू नका म्हणावं."

प्रकरण बैठकीत गेले. रीत मोडता येत नव्हती (प्राचीन होती) आणि पाळताही येत नव्हती (दिसत होती). बराच चहा झाल्यावर तिसरा मार्ग एकमताने सापडला. सुतक मृत्यूमुळे येते, तेव्हा मृत्यूच पुढे ढकलावा. दिवंगत छू बाओशान हे कंदिलांच्या सणापर्यंत हयात समजण्यात यावेत, असा ठराव झाला. हयात माणूस दिसायलाही हवा, म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या नाटक मंडळीतले शेन नावाचे नट हंगामी पती म्हणून नेमले गेले. त्यांना लांब पांढरी दाढी होती आणि हातात लांब चिलीम देण्यात आली. खऱ्या छूंनी चिलीम कधी हातात धरली नव्हती. ते उंबऱ्यावर बसत ते फोनवर टेबल टेनिस बघायला, आणि पंचाला शिव्या घालायला. (जिवंतपणी त्यांना 'हयात' या सदरात जेमतेम काठावरचे गुण होते. शेनना पैकीच्या पैकी मिळाले.)

शेन मात्र माणूस म्हणून बरे होते. पहिल्याच दिवशी ते ओशाळून म्हणाले, "ताई, मी इथं नुसता बसतो. मला नवरा समजू नका."

"समजेन कशी? इतका गप तो कधीच नव्हता. जेवलात का?"

नवरा हयात झाल्यावर पांढऱ्या कागदाला कारणच उरले नाही. वर्षाच्या शेवटच्या सकाळी कर्मचारी येऊन लाल कागद लावतील, आणि तो काढल्यास घर अजिवंत ठरेल, अशी सूचना आली. इकडे आड, तिकडे विहीर. लाल लावले तर म्हातारा दारातून परत जाणार, न लावले तर घर जाणार. आजींना संताप आला होता, पण संतापाहून भीती मोठी होती. म्हातारा दारात उभा राहील, लाल कागद बघेल, आणि त्याला वाटेल की बाईने आपल्याला एवढ्यात विसरून सण मांडला. आदल्या दिवशी त्या तडक कार्यालयात गेल्या.

"नवव्या मजल्यावर दाराला काय लावायचं ते कोण ठरवतं?"

"तिथं कोण विचारतंय, मावशी?" मियाओ म्हणाले. "तिथं तुम्ही कुणाला दिसतच नाही."

"मग तिथंच नेऊन घाल मला."

सही करून त्या थेट कबरीवर गेल्या. गेलेल्यांच्या नावाने जाळतात ते कागद जाळले आणि म्हाताऱ्याला नवा पत्ता सांगितला. "पूर्व दरवाजाबाहेर, सातवी इमारत, नववा मजला. लिफ्ट बंद असली तर जिना डाव्या हाताला आहे. गुडघ्यांची सबब सांगू नकोस, आता तुला गुडघे नाहीत." दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी नव्या दाराला पांढरा कागद लावला, डंपलिंगचा वाडगा मांडला आणि दार उघडे ठेवले. जिन्यावरून गार वारा येत होता, तरी त्यांनी ते लोटले नाही.

इकडे जुने घर अजिवंत ठरले. अजिवंत घराला सण लागू होत नाही, त्यामुळे तिथला पांढरा कागद कुणी काढलाच नाही. सणाच्या गर्दीत कुण्या पाहुण्याने त्या एकट्या पांढऱ्या दाराचा फोटो काढला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. 'हीच खरी प्राचीन संस्कृती' असे सगळ्यांचे मत पडले. आपली चूक एवढ्या तत्परतेने सुधारणारे कार्यालय विरळाच. आता ते घर 'शोकगृह' म्हणून पुन्हा जिवंत झाले आहे. (घर राहते असावे असा नियम आहे, कुणी राहावे याबद्दल तो मौन बाळगतो.) उत्तरेकडून आणलेली एक गुणी अभिनेत्री तिथे विधवा म्हणून राहते आणि सकाळ-दुपार अशी दोनदा रडते. भिंतीवर दिवंगतांचा फोटो हवा होता, पण छूंच्या फोटोत कारखान्याची टोपी आली होती. म्हणून काळी फीत लावून शेनचा फोटो टांगला आहे. जिवंतपणी स्वतःच्या फोटोला फीत बघून शेन दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना आजींच्या मागे राहिलेल्या रांजणातले व्हिनेगर देऊन शांत करण्यात आले.

आजी मधूनमधून येतात. साठीपुढच्यांना तिकीट पडत नाही. पांढरा कागद वाऱ्याने सुटतो आणि कार्यालयाचा डिंक पातळ असतो, तेवढेच त्यांना बघायचे असते.

हे वाचून तुम्हाला हळहळ वाटली असेल. वाटणारच, तुम्ही मनाचे चांगले आहात. गेल्या मे महिन्यात सहलीला गेला होता, तेव्हाही त्या दारासमोर तुम्हाला अशीच हळहळ वाटली होती. उजेड छान होता, रडणारी बाई चौकटीत नीट बसली होती, फक्त एक म्हातारी दाराशी उभी राहून कागदाचा कोपरा अंगठ्याने दाबत होती. तुम्ही हसून हातानेच खूण केलीत, जरा बाजूला व्हा म्हणून. ती झाली, आणि फोटो फार सुरेख आला.