निळी वायर

"मायलोला फोन लावू का?" आर्लिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसऱ्यांदा विचारलं.

"अजिबात नको!" बोटीच्या ट्रेलरखालून व्हर्लिनचा आवाज आला.

अमेरिकेतल्या या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं, तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही रीत. पण मायलोचा विषय निघाला की व्हर्लिन दहाव्यांदाही नकोच म्हणाला असता. मायलो म्हणजे त्याच्या बायकोचा, आर्लिसचा भाऊ. त्याला सगळं येतं, आणि येतं हे तो सगळ्यांना सांगतो.

उद्या वॉलआय माशांच्या हंगामाचा पहिला दिवस. लग्न झाल्यापासून दरवर्षी या दिवशी सासरे, म्हणजे म्हातारे हाल्वर, मायलोच्या बोटीत बसत आले होते. यंदा मात्र चर्चमध्ये सगळे कॉफी पीत असताना व्हर्लिन बोलून गेला, "बाबा, नवा ट्रक घेतलाय. यंदा माझ्या बोटीत चला." म्हाताऱ्याने "बरं" म्हटलं. मायलो नुसता गालात हसला. आता काही बिघडलं, तर म्हातारा मायलोच्या बोटीत परत जाणार आणि पुन्हा म्हणून इकडे फिरकणार नाही. व्हर्लिनला रात्री झोपेतसुद्धा ते हसू दिसत होतं.

आणि बिघडायला सुरुवातही झाली होती. ट्रेलरच्या वायरीला चपटं तोंड, त्यात पाच तारा. नव्या ट्रकला गोल तोंड, त्यात सात भोकं. दुकानातून जोडणी आणली, ती निघाली चार तारांची. पाचवी, निळी तार उरली.

"दिवे तर चारातच भागतात," व्हर्लिन म्हणाला आणि निळ्या तारेला चिकटपट्टी गुंडाळून मोकळा झाला. "आर्लिस, मागे उभी राहा. डावा लागला का?"

"लागला."

"कुठला?"

"डावा हो! माझा डावा."

"तुझा डावा घेऊन मी काय करू? ट्रकचा डावा सांग!"

"अहो, मग ट्रकलाच विचारा ना!" असं म्हणून ती ओव्हनमधला मांस-बटाट्याचा हॉटडिश बघायला निघून गेली.

शेवटी दिवे लागले. पण ट्रेलर मागे ढकलत अंगणाच्या चढावर घ्यायला गेला, तर चाकं जागच्या जागी थिजली. ट्रक गुरगुरतोय, ट्रेलर हलत नाही. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रेलरने ट्रकला रेटलं की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मागे जातानाही तसाच रेटा येतो. 'बाबा रे, आपण मागे चाललोय, ब्रेक सोड,' हा निरोप ट्रेलरला पोचवायचा असतो तो त्या निळ्या तारेनेच. व्हर्लिनने कपाळाला हात लावला, पुन्हा दुकान गाठलं, पाच तारांची जोडणी आणली. ट्रेलर लोण्यासारखा मागे गेला. जेवताना त्याने हॉटडिश तीनदा वाढून घेतला.

सकाळी ओस्टबी तळ्यावर ट्रकांची ही रांग! शेजारच्या सीटवर हाल्वर थर्मास मांडीत घेऊन बसले होते. मागच्याच ट्रकमध्ये मायलो. नंबर आला. पाण्यात उतरण्याआधी खडीचा एक छोटा चढ लागे; हिवाळ्यात बर्फ खडी ढकलून तो उंचवटा करून ठेवी. त्याच्या अलीकडे व्हर्लिन खाली उतरला आणि जन्मभर केलं तेच केलं. बोटीचे पट्टे सोडले, बोटीच्या तळाचं बूच घट्ट केलं, आणि वायर उपटून बोटीच्या नाकावर टाकली. तापलेले दिवे गार पाण्यात गेले की फुटतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ट्रक मागे घेतला. चढावर चाकं थिजली.

"अरे देवा, आता काय झालं याला!" त्याने पुन्हा जोर लावला. खडी उडाली. ट्रेलर ढिम्म.

एकानेही भोंगा वाजवला नाही. तेच तर असह्य होतं. "सावकाश होऊ द्या हं," मागून कुणीतरी प्रेमाने म्हणालं. मायलो आलाच. "दाजी, मदत?" "नको." "नक्की?" "नको!" "बघा हं..." तिसऱ्यांदा व्हर्लिन काहीच बोलला नाही, आणि मायलो ट्रेलरखाली शिरला. बघता बघता अर्धा डझन माणसं जमली. कुणी म्हणालं बेअरिंग गेलं, कुणी म्हणालं ब्रेकचं तेल, एकाने हातोडी आणून चाकावर ठोकून बघितलं. वायर सगळ्यांच्या नाकासमोर लोंबत होती. पण इथे वायर लोंबायचीच असते, तिच्याकडे कोण बघणार?

"बाबा, तुम्ही या माझ्या बोटीत," मायलो कपडे झटकत म्हणाला. अगदी हळू, अगदी गोड.

"बघू," हाल्वर म्हणाले.

व्हर्लिनने हात टेकले. घरी जायचं तर दिवे हवेत, म्हणून त्याने मुकाट्याने वायर लावली. वळून निघायला ट्रक जरासा मागे घेतला, आणि ट्रेलर गुणी वासरासारखा मागे आला. तो वायरीकडे बघतच राहिला. निळी तार होती ती याच वायरीत! "मी गाढव आहे," तो पुटपुटला, "आणि हे सगळेही!"

तो तसाच, वायर लावलेल्या ट्रेलरसह मागे निघाला. आणि इतका वेळ मूग गिळून बसलेली अख्खी रांग किंचाळली, "वायर! अहो, वायर!" मायलो धावला आणि चढावरच त्याने ती उपटली. चाकं थिजली.

"दिवे वाचवले तुमचे!" मायलो धापा टाकत म्हणाला.

"थँक्यू," व्हर्लिन दातओठ खात म्हणाला. तो उतरला, वायर परत लावली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "जो हिला हात लावेल, त्याला मी तळ्यात बुडवीन." मिनेसोटात असं कुणी बोलत नाही. लोक दोन पावलं मागे सरले. ट्रेलर चढ ओलांडून पाण्यात गेला, दोन्ही दिवे फट् फट् करून विझले, आणि बोट तरंगली.

हाल्वर ट्रकमधून उतरले, काठी टेकत आले आणि बोटीत बसले.

तळ्याच्या मध्यावर गळ टाकून झाले, तरी व्हर्लिनच्या डोक्यात ती निळी वायरच घोळत होती. मायलो कसा चुकला, सगळे कसे चुकले, आणि खरं कुणी शोधून काढलं! कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारा समाधानाने सुस्कारा टाकून म्हणाला,

"मायलो गळ टाकल्यापासून मला वायरी, इंजिन, ब्रेक समजावत असतो रे. इतकी वर्षं ऐकतोय, कान किटले. तुझ्या बोटीत किती शांत आहे! पुढच्या वर्षीही मी इथेच बसणार."

व्हर्लिनने तोंड मिटलं.

"काही म्हणत होतास का?" हाल्वरनी विचारलं.

"छे," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याने गळ पुन्हा पाण्यात टाकला.